चिमायोची माती

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात न्यू मेक्सिको नावाचे जे उंच, कोरडे आणि विस्तीर्ण राज्य आहे, त्याच्या उत्तरेस ताओस हे लहानसे नगर वसले आहे. तेथील नीम करोली बाबांच्या आश्रमात जयपूरला घडविलेली, उड्डाणाच्या आविर्भावातील हनुमंताची संगमरवरी मूर्ती आहे आणि तिच्या दर्शनास या देशाच्या निरनिराळ्या भागांतून हिंदू कुटुंबे जात असतात. राजधानी सांता फे येथून ताओसला जाण्यास दोन वाटा आहेत. एक रिओ ग्रांदे नदीच्या काठाकाठाने जाते. ती सोयीची आणि लवकर पोचविणारी. दुसरी डोंगरातून वळणे घेत जाते. बहुतेक यात्रेकरू पहिली वाट धरतात. परंतु जो दुसऱ्या वाटेने जाईल, त्याला हनुमंताच्या आधीच एक तीर्थ लागते. ते तीर्थ कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे आहे. तरीही मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना किंवा फिजी या बेटांतून व वसाहतींतून अमेरिकेत आलेल्या गिरमिटियांच्या वंशजाला तेथे पाऊल ठेवताच आपल्या घरचे काहीतरी भेटल्यासारखे वाटते. त्या गावाचे नाव चिमायो.

सांता फेपासून उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून ६,००० फूट उंचीवर हे गाव आहे. पूर्वेस सान्ग्रे दे क्रिस्तो, म्हणजे ‘ख्रिस्ताचे रक्त’, या नावाची पर्वतरांग उभी आहे. भोवतालचे डोंगर उघडेबोडके, तांबूस मातीचे. त्यावर खुरट्या झाडांचे ठिपके. खाली सांता क्रूझ नदीच्या खोऱ्यात मात्र हिरवी शेते व फळबागा दिसतात. या शेतांना पाणी मिळते ते पाटाने. पाट सर्वांच्या मालकीचा असतो, वसंत ऋतू आला की वाटेकरी मिळून तो साफ करतात, आणि पाण्याच्या पाळ्या ठरविणारा एक पाटकरी ते आपल्यातूनच निवडतात. शरद ऋतूत घराच्या पडवीला तांबड्या मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. चिमायोची मिरची साऱ्या राज्यात नावाजलेली आहे. मिरचीचे मूळ माहेर मेक्सिकोकडचे. स्पॅनिश लोकांनी ती उत्तरेस या डोंगरांत आणली आणि पोर्तुगीजांनी समुद्रमार्गे गोव्यास नेली. कोकणातल्या माणसाच्या ताटातील ठेचा आणि चिमायोच्या घरातील तांबडे कालवण ही अशी दूरची भावंडे होत.

गावाचे नाव तेवा भाषेतले. तेवा हे या खोऱ्यातील मूळ रहिवासी. गावामागच्या टेकडीला ते जे नाव देत, त्यावरूनच चिमायो हा शब्द झाला. येथील भूमी रोगहारक आहे अशी त्यांची श्रद्धा स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून होती, असे सांगतात. १६८० साली या मूळ लोकांनी बंड करून स्पॅनिशांना हाकलून दिले. ते १६९२ नंतर परतले आणि हळूहळू या खोऱ्यात त्यांच्या वाड्या वसल्या. पुढे १८२१ साली स्पेनची सत्ता गेली व हा प्रदेश मेक्सिकोचा झाला. १८४६ साली अमेरिकेचे सैन्य आले, १८४८ च्या तहाने तो अमेरिकेला मिळाला आणि १९१२ साली त्याला राज्याचा दर्जा लाभला. चिमायोच्या शेतकऱ्याने आपले घर सोडले नव्हते. तरी एका दीर्घ आयुष्यात त्याने आपल्या डोक्यावर तीन निशाणे पाहिली. गिरमिटियांचा अनुभव याच्या उलट होता. १८३४ पासून मॉरिशसला आणि नंतर इतर वसाहतींत जे मजूर गेले, त्यांच्यावरील निशाण इंग्रजांचेच राहिले, पण पायाखालची भूमी सुटली. एकाची भूमी राहिली आणि राज्य बदलले. दुसऱ्याचे राज्य राहिले आणि भूमी बदलली. पण दोघांपुढेही प्रश्न एकच उभा राहिला: आता आपले म्हणावे असे काय उरले?

चिमायोच्या लोकांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते कच्च्या विटांच्या एका लहान देवळात पाहावयास मिळते. त्याला नुसते ‘एल सांतुआरिओ’, म्हणजे पवित्र स्थान, असे म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात: १८१० च्या सुमारास गुड फ्रायडेच्या रात्री बर्नार्दो आबेयता या गृहस्थास नदीकाठच्या उतारावर जमिनीतून प्रकाश फुटताना दिसला. त्याने हातांनी माती उकरली तेव्हा क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ती सापडली. ती वाजतगाजत सांता क्रूझ येथील मोठ्या देवळात नेण्यात आली. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तो मूर्ती पुन्हा त्याच खड्ड्यात! असे तीन वेळा झाले. तेव्हा देवाला हीच जागा हवी आहे असे समजून लोकांनी येथेच देऊळ बांधले. ज्याने लहानपणी आजीकडून स्वयंभू देवाच्या कथा ऐकल्या आहेत, त्याला ही कथा परकी वाटणार नाही. जमिनीतून प्रकट झालेला आणि आपली जागा सोडावयास तयार नसलेला देव कोकणात गावोगाव आहे.

कथा बाजूला ठेवली तरी इतिहास उरतोच, आणि तोही कमी बोलका नाही. नोव्हेंबर १८१३ मध्ये आबेयताने सांता क्रूझच्या धर्मगुरूकडे देऊळ बांधण्याची परवानगी मागितली. ही मागणी त्याची एकट्याची नव्हती. एल पोत्रेरो नावाच्या त्या वाडीतील १९ कुटुंबांच्या वतीने ती केलेली होती. परवानगी यावयाची होती ती हजार किलोमीटरांहून अधिक दक्षिणेकडील दुरांगो येथून, कारण त्या काळी हा सारा मुलूख त्या धर्मपीठाच्या कक्षेत होता. ती आली आणि १८१६ साली देऊळ पूर्ण झाले. त्यातील ख्रिस्ताला ‘एस्किपुलासचा प्रभू’ म्हणतात. एस्किपुलास हे ग्वाटेमालातील प्रसिद्ध यात्रास्थान असून तेथेही यात्रेकरू पवित्र मातीच्या वड्या प्रसाद म्हणून नेतात. तेव्हा वाडीतल्या १९ कुटुंबांनी बांधलेले हे देऊळ उगमापासूनच दूरच्या एका तीर्थाचे नाव लेवून उभे राहिले.

देवळाचे बाह्यरूप अगदी साधे आहे. पुढे मातीची भिंत घातलेले लहान अंगण, दोन बुटके घंटामनोरे, जाड भिंती. आत शिरताच डोळ्यांना अंधाराची सवय व्हावयास क्षणभर लागतो. मग वेदीमागचा रंगीत लाकडी पडदा उजळू लागतो. तो स्थानिक चित्रकारांनी रंगविलेला आहे, आणि त्याच्या मध्यभागी तो क्रूस उभा आहे. येथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. त्यामुळे लोक पाहतात ते डोळ्यांनीच. वेदीच्या डाव्या अंगास एक ठेंगणे दार आहे. त्यातून वाकून गेल्यावर एक चिमुकली खोली लागते आणि तिच्या जमिनीत एक लहान वाटोळा खड्डा दिसतो. त्याला ‘एल पोसितो’, म्हणजे छोटी विहीर, म्हणतात. या विहिरीत पाणी नाही, बारीक कोरडी माती आहे. लोक गुडघे टेकतात, चिमूटभर माती दुखऱ्या अंगाला लावतात, थोडी पुरचुंडीत बांधून घरी आजारी असलेल्यांसाठी नेतात. कोणी मोबदला मागत नाही. जेजुरीचा भंडारा, पंढरीचा बुक्का किंवा देवघरातील अंगारा ज्याने कपाळी लावला आहे, त्याला ही कृती समजावून सांगण्याची गरज नाही.

शेजारच्या लांबट खोलीत भिंतीला टेकून ठेवलेल्या कुबड्या, काठ्या, हातापायांचे आधार, आणि सर्वत्र छायाचित्रे: सैनिकांच्या गणवेषातील मुलगे, नवजात बालके, रुग्णशय्येवरील माणसे. हे सारे नवस आहेत. काही फेडलेले, काही अजून बोललेलेच. जवळच बाळ येशूचे आणखी एक लहान देऊळ आहे. ‘सांतो निन्यो दे आतोचा’ नावाच्या या बालदेवाचे मोठे क्षेत्र मेक्सिकोतील प्लातेरोस येथे आहे. १८५७ च्या सुमारास सेवेरिआनो मेदिना या चिमायोच्या रहिवाशाने त्याची मूर्ती तेथून आणून येथे हे देऊळ उभारले. हा बालदेव रात्री गावभर फिरून दुःखितांची विचारपूस करतो आणि त्यामुळे त्याचे जोडे झिजतात, अशी लोकांची समजूत आहे. म्हणून त्याच्यापुढे लहान मुलांच्या जोड्यांची रास पडलेली असते. त्या इवल्या जोड्यांपुढे उभे राहिले की धर्मभेदाचे विचार मनात फार वेळ टिकत नाहीत.

या मातीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. दरवर्षी सुमारे ३ लाख माणसे येथे येतात असा अंदाज आहे. प्रत्येकाने चिमूटभर माती उचलली तरी तो खड्डा केव्हाच खोल विवर झाला असता. तो आपोआप भरतो अशी दंतकथा पूर्वी प्रचलित होती. वस्तुतः देवळातील सेवक जवळच्या टेकडीवरून माती आणतात, तिला धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि ती खड्ड्यात घातली जाते. हे कोणी लपवूनही ठेवीत नाही. काही पाहुण्यांचा यामुळे विरस होतो. चमत्कार गेला असे त्यांना वाटते. पण थोडा विचार केला तर खरी थोरवी येथेच आहे. दोनशे वर्षे कोणीतरी टेकडीवर गेले, पाटीत माती भरली, ती खांद्यावरून आणली आणि ज्यांना आपण कधी पाहणार नाही अशा लोकांसाठी खड्ड्यात ओतली. देवळाचे पावित्र्य अशा अनामिक खांद्यांवर उभे आहे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासून चिमायोकडे येणारे सारे रस्ते माणसांनी भरून जातात. कोणी सांता फेहून चालत येतो, कोणी जवळच्या एस्पानियोलाहून. काही जण तर आल्बुकर्क शहराहून १४० किलोमीटरांच्या आसपासचे अंतर पायी तोडतात. म्हातारी माणसे काठी टेकीत, तरुण पाठीवर लाकडी क्रूस घेऊन, आया मुलांना हातगाडीत बसवून चालतात. वाटेवरचे लोक पाणी आणि संत्री वाटतात. आळंदीहून पंढरीस निघालेली दिंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना येथे टाळ-मृदंग ऐकू येणार नाहीत. परंतु चालणाऱ्याला पाणी देणे हीही सेवाच, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

ही पायी यात्रा आजच्या एवढी मोठी होण्यास एक दुःखद कारण घडले. दुसऱ्या महायुद्धात न्यू मेक्सिकोतील सुमारे १,८०० सैनिक फिलिपाईन्समध्ये होते. ९ एप्रिल १९४२ रोजी बातान येथे शरणागती झाल्यावर जपानी सैन्याने कैद्यांना अन्नपाण्यावाचून सुमारे १०० किलोमीटर चालविले. त्या चालीत आणि नंतरच्या बंदिवासात न्यू मेक्सिकोचे जवळजवळ निम्मे सैनिक मेले. कैदेत अनेकांनी सांतो निन्योला नवस केले होते. जे वाचले त्यांनी १९४६ साली आपल्या नातलगांसह चिमायोला पायी जाऊन ते फेडले. मृत्यूची चाल ज्यांच्या वाट्याला आली होती, त्यांनी ती कृतज्ञतेच्या चालीने संपविली.

देवळालाही संकटाचे दिवस पाहावे लागले. ते पिढ्यानपिढ्या आबेयताच्या वंशजांच्या मालकीचे होते. पुढे घराण्यास हलाखी आली आणि देवळातील वस्तू विकण्याची वेळ आली. १९२९ साली लेखिका मेरी ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडपड करून एका दात्याकडून ६,००० डॉलर मिळविले, देऊळ विकत घेतले आणि ते सांता फेच्या महाधर्मप्रांताच्या स्वाधीन केले. त्या दात्याने आपले नाव प्रकट होऊ दिले नाही. १९७० साली देवळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थानाचा दर्जा मिळाला. म्हणजे माती वाहणाऱ्याप्रमाणे येथे द्रव्य देणाराही अनामिकच राहिला.

हिंदूंनी अशा ख्रिस्ती स्थानी जावे काय, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. त्याचे उत्तर गिरमिटियांनी फार पूर्वीच आपल्या वागण्याने दिले आहे. त्रिनिदादमधील सिपारिया येथील कॅथलिक देवळातल्या मेरीमातेला तेथील हिंदू मजूर ‘सिपारी माई’ म्हणू लागले, आणि पवित्र सप्ताहात तिच्या दर्शनास हिंदूंची रीघ लागते. मॉरिशसमध्ये पेर लावाल हे फ्रेंच धर्मगुरू १८४१ साली आले आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी निवर्तले. पोर्ट लुईजवळच्या सेंत क्रवा येथील त्यांच्या समाधीकडे पुण्यतिथीच्या सुमारास जी गर्दी चालत जाते, तिच्यात सर्व धर्मांचे लोक असतात. परधर्माच्या देवापुढे दिवा लावल्याने आपला देव रागावेल, अशी भीती त्या निरक्षर म्हणून हिणविल्या गेलेल्या माणसांना वाटली नाही.

आणि त्याच माणसांनी स्वतःचे तीर्थही निर्माण केले. मॉरिशसच्या दक्षिणेकडील डोंगरातील सरोवराचे स्वप्न १८९७ साली त्रियोले गावच्या एका पंडितास पडले; १८९८ साली पहिले यात्रेकरू तेथे पायी गेले. गंगा हजारो मैल दूर होती, परंतु महाशिवरात्रीस शंकराला पाणी तर वाहावयाचेच होते. पुढे १९७२ साली भारतातून आणलेले गंगाजल त्या सरोवरात ओतण्यात आले आणि त्याचे नाव गंगा तलाव झाले. चिमायोत माती ओततात, तेथे पाणी ओतले गेले. तीर्थ सापडते हे जितके खरे, तितकेच ते भरावे लागते हेही खरे.

चिमायोचे चित्र केवळ गोड रंगांनी रंगविणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १९९० नंतरच्या काळात मादक द्रव्यांनी या खोऱ्यात हाहाकार माजविला. गावाचा काही भाग ज्या रिओ आरिबा परगण्यात मोडतो, तेथील अशा मृत्यूंचे प्रमाण कित्येक वर्षे देशात सर्वांत अधिक गणले गेले. ज्या समाजांनी उसाच्या मळ्यावरील रमच्या बाटलीने संसार बुडताना पाहिले आहेत, त्यांना हे दुःख कळेल. दुसरे दुःख भाषेचे. तीनशे वर्षे या डोंगरांत टिकलेली जुन्या वळणाची स्पॅनिश आता आजोबा-आजींच्या तोंडी राहिली आहे. एके काळी शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. नातवंडे इंग्रजीतच विचार करतात. मॉरिशसच्या मराठी घरांत क्रिओल आली, अमेरिकेत आलेल्या घरांत इंग्रजी आली. गणेशचतुर्थीस आरती म्हणताना शब्द तोंडपाठ असतात, पण अर्थ विचारला की मुले एकमेकांकडे पाहतात. ही स्थिती कोणापासून लपलेली नाही.

तथापि चिमायोच्या रस्त्यावर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या नातवाला आजीची भाषा नीट येत नाही, तोही गुड फ्रायडेच्या पहाटे तिच्याबरोबर चालत असतो. तिची प्रार्थना त्याला अर्धीमुर्धीच कळते, पण तिचा वेग त्याला ठाऊक असतो. चढावर तो तिचा हात धरतो. भाषा जाऊ द्यावी असा याचा अर्थ कदापि नव्हे. ती शिकविण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत. परंतु वर्गात बसवून जे देता येत नाही, ते बरोबर चालून देता येते, आणि एकदा मूल बरोबर चालू लागले म्हणजे शब्दांचा अर्थ ते आपण होऊन विचारते.

योगायोगाने पंचांगही या कामी अनुकूल आहे. ईस्टरचा सण वसंतातील पौर्णिमेवरून ठरतो आणि हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेस येते. त्यामुळे अनेक वर्षी हे दोन्ही दिवस अगदी लगत पडतात. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला, तर गुड फ्रायडे ७ एप्रिलला होता. तेव्हा ताओसच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबांनी अशा वर्षी डोंगराची वाट अवश्य धरावी. मोटार दूर ठेवावी, शेवटचे काही मैल मुलांसह पायी चालावे. सकाळी थंडी असते, ऊन मात्र कडक; म्हणून घोंगडी आणि पाणी दोन्ही जवळ असावे. आत गेल्यावर बोलणे बंद ठेवावे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबावे, आणि माती चिमूटभरच उचलावी, कारण ती कोणीतरी वाहून आणलेली आहे.

घरी परतल्यावर ती पुरचुंडी देवघरात कोठे ठेवावी असे मुलांनी विचारले, तर वडील माणसांनी त्यांना जवळ बसवून दोन गोष्टी सांगाव्यात: एक त्या १९ कुटुंबांची, आणि दुसरी आपल्या घरातील त्या पूर्वजाची, जो करार संपल्यावरही परक्या मुलखात राहिला आणि ज्याने मळ्याच्या कडेला पहिला दगड शेंदूर लावून उभा केला. त्याचे नाव कदाचित आज कोणाला आठवणार नाही. त्याने लावलेला शेंदूर पुन्हा पुन्हा लावणारे हात मात्र घरात असले पाहिजेत. मंडळाच्या या उत्सवाला जमणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या वर्षी आपल्या मुलांना निदान एका तीर्थापर्यंत पायी चालवावे, एवढीच विनंती.